नववी

“काकू, मी त्याला हरवलं ना? मग तो घरी गेला म्हणून मी खाली कशी गेले?”

जुलैमधल्या एका रविवारी, दुपारी तीनच्या सुमारास, तेरा वर्षांच्या एका मुलीने मला हा प्रश्न विचारला. भिंतीवर चिकटवलेल्या गुणतक्त्याच्या कागदाला प्रिंटरची ऊब अजून होती आणि तिचे बोट त्याच्या नवव्या ओळीवर होते. पहिले आठ जण बाद फेरीत जाणार होते. आठव्या ओळीवरच्या मुलाचे नऊ गुण होते आणि तिचेही नऊच. मी तिला टायब्रेकचा, म्हणजे गुण सारखे झाले तर वर कोण हे ठरवण्याचा, नियम समजावून सांगितला. तो नियम मी सकाळीच सर्वांना वाचून दाखवला होता आणि आकडेही मी दोनदा तपासले होते, त्यामुळे माझ्या उत्तरात चूक काढण्यासारखे काहीच नव्हते. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले, “बरं” म्हणाली, आणि खुर्चीवर बसून आपला डेक मोजू लागली. दहा-दहा कार्डांच्या सहा गड्ड्या तिने टेबलावर ओळीने मांडल्या, घामाने ओलसर झालेला एकेक स्लीव्ह, म्हणजे कार्डावरचे प्लॅस्टिकचे पाकीट, रुमालाने पुसला, साठ कार्डे पूर्ण असल्याची खात्री केली आणि ती डबीत भरून झाकण लावले. ती रडली नाही आणि भांडलीही नाही. तिच्या त्या “बरं”ने मात्र पुढचे कितीतरी दिवस माझी पाठ सोडली नाही.

ही पोकेमॉनच्या कार्डांची स्पर्धा होती, डोंबिवलीतल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. माझा मुलगा हा खेळ चार वर्षांपासून खेळतो, आणि दर स्पर्धेसाठी मुंबईपर्यंत जाण्याऐवजी आपणच इथे एक भरवू, अशी कल्पना त्याने आणि त्याच्या मित्रांनी काढली. हॉलसाठी अर्ज घेऊन गेले, तेव्हा वाचनालयाच्या वयोवृद्ध कार्यवाहांनी चष्मा वर करून पहिलाच प्रश्न विचारला, “पत्ते? पैसे लावून नाही ना?” त्यांची शंका मला अस्थानी वाटली नाही. या जातीचा पहिला खेळ १९९३ साली रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने अमेरिकेत आणला. त्या ‘मॅजिक’च्या सुरुवातीच्या नियमांत दोघांनी एकेक कार्ड पणाला लावायचे आणि जिंकणाऱ्याने दोन्ही न्यायची, अशी तरतूद होती, पुढे ती मागे पडली. माझ्या शाळकरी वयात कुस्तीगिरांची ट्रंप कार्डे आम्ही अगदी अशीच खेळत असू. छातीचे माप, वजन, क्रमांक, लढलेल्या कुस्त्या असे काहीतरी एक पुकारायचे, आणि ज्याचा आकडा सरस त्याने समोरच्याचे कार्ड ओढून घ्यायचे. संध्याकाळी जिन्यात बसून ज्याच्या हातात जाड गठ्ठा तो जिंकला. तिथे गुणतक्त्याची गरजच पडत नसे. कार्यवाहांना मी सांगितले, की इथे कोणाचे कार्ड कोणाकडे जात नाही, मुले जशी येतात तशीच आपापला डेक घेऊन परत जातात. त्यांनी सही केली.

त्या सकाळी पाऊस धरून होता. हॉलमध्ये ओल्या छत्र्यांचा आणि जुन्या पुस्तकांचा वास मिसळला होता. पंखे लावले तर टेबलावरच्या निकालाच्या स्लिपा उडत, आणि बंद केले तर मुलांचे तळवे घामेजत. दमट हवेत चकाकणारी कार्डे कडेने वळतात. ती वळली की पिसून ठेवलेल्या डेकमध्ये कोणते कार्ड कुठे आहे हे कडेवरूनच ओळखू येते, आणि मग ती खूण केल्यासारखीच गोष्ट होते. म्हणून सुरुवातीची वीस मिनिटे मी आणि माझा मुलगा प्रत्येकाचा डेक टेबलावर ठेवून आडव्या नजरेने पाहत होतो. वडापाव बाहेरच्या व्हरांड्यात खायचा आणि हात साबणाने धुऊनच आत यायचे, असा नियम मी केला होता. मुलांनी तो मनापासून पाळला. नऊ वर्षांच्या मुलापासून बँकेत नोकरी करणाऱ्या तरुणापर्यंत सगळे मिळून २२ जण होते. अकरा टेबले भरली, सगळ्यांनी एकदम डेक पिसायला घेतले, आणि प्लॅस्टिकच्या स्लीव्हांचा तो दाट, सळसळता आवाज हॉलभर पसरला. छपरावरच्या पावसाशी तो इतका मिळताजुळता होता, की मी क्षणभर खिडकीकडे पाहिले.

ज्याच्या जाण्याबद्दल त्या मुलीने विचारले, तो दहा-अकरा वर्षांचा मुलगा बदलापूरहून वडिलांबरोबर आला होता. त्याने मोठ्या अभिमानाने आपली कार्डे माझ्यापुढे ठेवली, तेव्हा मला काय बोलावे ते कळेना. ती सगळी सोनेरी होती. स्टेशनबाहेरच्या दुकानांत आणि जत्रेत मिळतात ती, प्लॅस्टिकची, हाताला निसरडी, अंकांचे काही ताळतंत्र नसलेली नक्कल कार्डे. अशी कार्डे स्पर्धेत चालत नाहीत, आणि ती चालवली असती तर बाकीच्या २१ जणांवर अन्याय झाला असता. मी त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितले. त्याने वडिलांकडे पाहिले, वडिलांनी माझ्याकडे. माझ्या मुलाने पुढे होऊन आपला दुसरा डेक त्याला वापरायला दिला, कोणते कार्ड कशासाठी तेही भराभरा सांगितले, आणि माझ्या डोक्यावरचे ओझे उतरले. खेळ त्याला येत होता, पण डेक परका होता. हा खेळ खेळणाऱ्यांना ठाऊक आहे, की दुसऱ्याने रचलेला डेक हातात घेणे म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उभे राहून स्वयंपाक करण्यासारखे असते. सगळे असते तिथेच, पण वेळेवर हाताला लागत नाही. पहिल्या फेरीत तो या मुलीकडून हरला. दुसऱ्या फेरीतही हरला.

दुसरी फेरी संपल्यावर त्याचे वडील माझ्या टेबलाशी आले. मध्य रेल्वेवर रविवारचा मेगाब्लॉक होता, गाड्या तास-तासभर मिळत नाहीत, आणि दोन्ही डाव तर हरलाय, आता थांबून काय करायचं, असे ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मुलगा त्यांच्या मागे उभा होता. हातात सोनेरी कार्डांची डबी होती आणि उसना डेक त्याने व्यवस्थित रबर लावून माझ्यापुढे ठेवला होता. माझ्यासमोर तिसऱ्या फेरीच्या जोड्या लावायचे काम होते, दोन स्लिपा यायच्या होत्या, आणि कुणीतरी वेळ वाढवून मागत होते. मी मान वर करून म्हटले, “हो, हो, काही हरकत नाही, निघा तुम्ही.” त्याच्या नावापुढे मी ‘ड्रॉप’ लिहिले. या साऱ्याला अर्धे मिनिटसुद्धा लागले नसेल.

हरकत होती.

इथे जोड्या लावण्याची स्विस पद्धत असते. कोणीही बाद होत नाही. प्रत्येक फेरीत साधारण सारखे गुण असलेल्यांची गाठ पडते, विजयाला तीन गुण मिळतात, आणि ठरलेल्या फेऱ्या संपल्यावर बेरीज होते. २२ जणांसाठी पाच फेऱ्या. बुद्धिबळाच्या स्पर्धांना गेलेल्या प्रत्येकाला ही पद्धत माहीत असते. १८९५ साली झुरिकच्या एका बुद्धिबळ स्पर्धेत ती प्रथम वापरली गेली, म्हणून ती ‘स्विस’. माझीही तिच्याशी ओळख बुद्धिबळातूनच झाली. अकरावी-बारावीत असताना आमच्या तालुक्याच्या स्पर्धांना मी एका ज्येष्ठ पंचांच्या हाताखाली स्लिपा गोळा करायला जात असे. संगणक तेव्हा नव्हता. प्रत्येक खेळाडूचे एक जाड कागदाचे कार्ड असे. त्यावर कोणाशी खेळला, कोणत्या रंगाची सोंगटी होती, किती गुण झाले, हे सर्व पेन्सिलीने लिहिलेले. फेरी संपली की सर ती कार्डे गुणांप्रमाणे टेबलावर पसरत, पेशन्स लावल्यासारखी, आणि जोडी जुळली की दोन कार्डे एकावर एक ठेवत. त्यांच्या बोटांना शिसे लागलेले असे. मी जे काही शिकले ते त्या टेबलाशी उभी राहून. गुण सारखे झाले की बुखोल्झ मोजायचे, म्हणजे तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांच्या गुणांची बेरीज करायची, हे त्यांनीच मला दाखवले. ब्रुनो बुखोल्झ यांनी ही रीत १९३२ मध्ये सुचवली. तिच्यातला विचार सरळ आहे. तगड्या लोकांशी खेळून मिळवलेले तीन गुण आणि दुबळ्यांशी खेळून मिळवलेले तीन गुण एका मापाने मोजू नयेत.

सरांची एक सवय मला त्या रात्री आठवली, आणि ती इतक्या वर्षांत एकदाही का आठवली नाही याचे वाईट वाटले. डाव सुरू झाले की बाकीचे पंच आणि पालक पहिल्या-दुसऱ्या पटाभोवती गर्दी करत. सर चालायला सुरुवात करायचे ते शेवटच्या पटापासून. तिथे बहुधा सर्व फेऱ्या हरलेली दोन लहान मुले समोरासमोर बसलेली असत, आणि सर त्यांच्यापाशी हात मागे बांधून, पहिल्या पटाशी उभे राहावे तितकाच वेळ उभे राहत. कोणी स्पर्धा सोडून जातो म्हणाला तर त्याच्याशी बाहेर जाऊन बोलत. मला वाटे, ते त्या मुलाची समजूत काढत आहेत. ते तर होतेच. पण त्या एका मुलाच्या कार्डावर आधीच्या फेऱ्यांतल्या किती जणांची नावे पेन्सिलीने लिहिलेली आहेत, हेही त्यांच्या डोळ्यांसमोर असणार.

पोकेमॉनमध्ये बेरजेऐवजी टक्केवारी असते. तुमच्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याने आपल्या किती टक्के फेऱ्या जिंकल्या ते पाहायचे आणि त्यांची सरासरी काढायची. खेळणारी मुले तिला ‘रेझिस्टन्स’ म्हणतात, आणि चौथ्या फेरीपासून हॉलमध्ये हाच शब्द कानांवर पडत असतो. कोणाची टक्केवारी कितीही घसरली तरी ती २५ च्या खाली धरत नाहीत; ‘मॅजिक’मध्ये हीच मर्यादा ३३ टक्क्यांच्या आसपास आहे. हा उंबरठा मला फार आवडतो. एखादा पार हरत गेला तरी त्याच्याशी खेळलेल्यांना त्याचा भुर्दंड एका हद्दीपलीकडे पडू नये, अशी काळजी कोणीतरी नियमातच घालून ठेवली आहे. दोन फेऱ्या हरून गेलेल्या त्या मुलाची टक्केवारी शून्य होती, ती नियमाने २५ झाली आणि तिथेच थांबली. पुढे तीन फेऱ्या होत्या, समोर त्याच्यासारखेच हरत आलेले खेळाडू येणार होते, परका डेक हळूहळू हाताला बसला असता. ते काही घडलेच नाही.

त्या रात्री मुलगा झोपल्यावर मी जेवणाच्या टेबलावर स्लिपा पसरल्या. गुणतक्त्यात १५ गुणांचा एक, १२ गुणांचे तिघे आणि ९ गुणांचे सात जण होते. म्हणजे या सातांपैकी चौघांनाच जागा होती आणि ती पाचवी होती. तिच्या पाच प्रतिस्पर्ध्यांची टक्केवारी २५, ८०, ६०, ६० आणि ४०, सरासरी ५३. आठव्या क्रमांकावरच्या मुलाची ५५. बदलापूरच्या मुलाने उरलेल्या तीनपैकी एकच फेरी जिंकली असती, तर त्याची टक्केवारी २० झाली असती, म्हणजे २५ च धरली गेली असती आणि काही बदलले नसते. दोन जिंकल्या असत्या तर ४०, आणि तिची सरासरी ५६. एका टक्क्याने ती वर गेली असती. मी हे तीनदा मांडून पाहिले. मग आठव्या मुलाच्या स्लिपा पुन्हा हातात घेतल्या, आणि त्यात तिसऱ्या फेरीची स्लिप नव्हती, कारण तिसऱ्या फेरीत तो खेळलाच नव्हता. २२ चे २१ झाले, संख्या विषम झाली, आणि तळाच्या गटातून एकाला बाय, म्हणजे न खेळताच विजय, द्यावा लागला. तो या मुलाला मिळाला. दोन डाव हरून बसलेल्या त्याच्या खात्यात न खेळता तीन गुण जमा झाले, पुढच्या दोन्ही फेऱ्या त्याने जिंकल्या, आणि बाय टक्केवारीत धरत नाहीत म्हणून त्याची सरासरी पाचांऐवजी चारांची निघाली: ८०, ६०, ४० आणि ४०.

बदलापूरचा मुलगा थांबला असता, तर तिसऱ्या फेरीत त्याची आणि या आठव्या मुलाचीच गाठ पडली असती कदाचित.

एक मुलगा मेगाब्लॉकच्या भीतीने उठून गेला, आणि एकीच्या पायाखालची पायरी सरकली, दुसऱ्याच्या पायाखाली नवी आली. या दोघांपैकी कोणाला त्याचे नावही धड आठवत नसेल. ज्याला बाय मिळाला त्याच्याबद्दल माझ्या मनात काडीचाही किंतु नाही, हेही इथे लिहायला हवे. आठव्या ओळीत आपले नाव पाहून त्याने आईच्या फोनवरून आजीला कळवले होते, “मी क्वार्टर फायनलला”, आणि तो आवाज व्हरांड्यातून आत ऐकू येत होता. पुढचा डाव तो दहा मिनिटांत हरला, तरी घरी जाताना त्याचा चेहरा उजळलेला होता. त्याचा आनंद खोटा नव्हता. तिचे नववे स्थानही खोटे नव्हते, कारण जोड्या वेगळ्या लागल्या असत्या तर पुढचे सगळेच वेगळे झाले असते, आणि घडलेल्या स्पर्धेत एक फेरी बदलून बाकीचे जसेच्या तसे ठेवता येत नाही, हे मला समजते. समजते, तरी रात्री साडेबारापर्यंत मी त्या स्लिपांपाशी बसून होते. ‘हरकत नाही’ हे माझे दोन शब्द त्या हिशेबात कुठे लिहायचे, एवढेच मला सापडत नव्हते.

पुढची स्पर्धा डिसेंबरमध्ये घेतली, आणि ती मेगाब्लॉक टाळून दुसऱ्या शनिवारी ठेवली. नोंदणीच्या अर्जात कुठून येणार आणि किती वाजता निघावे लागेल, ही दोन घरे वाढवली. जास्तीचे चार डेक मुलांनी आधीच रचून ठेवले, आणि ज्यांना ते लागणार होते त्यांना आदल्या रविवारी बोलावून ते हाताळायला दिले. सोनेरी कार्डे घेऊन तिघे आले होते. बदलापूरच्या मुलाच्या वडिलांना मी फोन केला होता. त्या दिवशी त्याच्या शाळेचे संमेलन होते, त्यामुळे तो आला नाही. ती मात्र आली. सकाळी मी नियम वाचून दाखवायला घेतले, तेव्हा टायब्रेकचा भाग मी समजावून सांगू का, असे तिनेच विचारले. ती फळ्यापाशी गेली, पाच चौकोन काढले, २५ चा उंबरठा कुठे लागतो ते आकडे घालून दाखवले आणि म्हणाली, “म्हणून कोणी मध्येच जाऊ नका. तुम्ही हरलात तरी दुसऱ्यांच्या गणितात असता.” मी एवढ्या थोडक्यात ते कधीच सांगू शकले नसते.

त्या दिवशी २६ जण होते. पाचव्या फेरीत तेराव्या टेबलावर चारही डाव हरलेली दोन मुले बसली होती, आणि मी पहिल्या टेबलाला पाठ करून तिथे उभी होते. त्यांच्यातल्या डावीकडच्या मुलाला तिने पहिल्या फेरीत हरवले होते. तिचा स्वतःचा डाव लवकर आटोपला, तिने स्लिप माझ्या हातात दिली आणि ती माझ्या शेजारीच थांबली. त्या मुलाला जिंकायला एकच प्राइझ कार्ड उचलायचे उरले होते, हातात तीन कार्डे होती, आणि आता एनर्जीचे कार्ड कोणत्या पोकेमॉनला लावावे हे त्याला सुचत नव्हते. वेळ संपायला चार मिनिटे होती. ती काही बोलली नाही, कारण बाहेरून बोलणे नियमाविरुद्ध आहे. तिने नुसते दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले.

पाचांत एक विजय म्हणजे २० टक्के, आणि २० चे २५ च धरतात. तो जिंकला काय आणि हरला काय, तिच्या सरासरीत एका दशांशाचाही फरक पडणार नव्हता. सकाळी फळ्यावर हेच उदाहरण तिने स्वतः सोडवून दाखवले होते. मी तिच्याकडे पाहिले. ती त्याच्या हातातल्या कार्डांकडे पाहत होती.

त्याने मधले कार्ड उचलले.